आधी तीनदा म्हण

माइरेचा चेहरा फारसा कुणी पाहिलेला नसेल, पण तिचा आवाज आमच्या आखातात सगळ्यांच्या ओळखीचा. फिनलंडकडून शिडाच्या होड्या घेऊन येणारे हौशी लोक, रेतीच्या पडावांवरचे खलाशी, तेलाच्या जहाजांवरचे वैतागलेले अधिकारी, कुणालाही विचारा. "बोला, ऐकतेय मी," असं ती रेडिओवर म्हणायची, ते अगदी ओटा पुसता पुसता शेजारणीशी बोलावं तसं. घाबरलेला माणूस त्या एका वाक्यानं निम्मा शांत व्हायचा. धुक्यात वाट चुकलेल्या एका फिनिश म्हाताऱ्याला तिनं बोलत बोलत धक्क्याला आणलं होतं. तो पुढच्या उन्हाळ्यात चॉकलेटचा डबा घेऊन आला आणि तिला बघून म्हणाला, "मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल." माइरे हे सगळ्यांना रंगवून सांगायची.

बेटावर दुकान एकच, टपाल तिथंच, आणि समुद्रात अडकलेल्यांना सोडवणाऱ्या आमच्या स्वयंसेवकांचा रेडिओही तिथंच, पावाच्या फळीशेजारी. तिन्हीची मालकीण ती. कान द्यायची सवय तिला लहानपणीच लागली होती. ती जन्मली तेव्हा समुद्र आमचा नव्हताच. रशियनांच्या अमदानीत त्यांचे शिपाई संध्याकाळी किनाऱ्यावरची वाळू दाताळ्यानं सारखी करायचे आणि सकाळी तीवर पाऊल उमटलेलं दिसलं की कुणी पळून गेलं का म्हणून घरोघरी चौकशी व्हायची. तिच्या बापाच्या होडीला साखळदंड. तो आपला चुलीजवळ बसून रेडिओच्या खरखरीतून फिनलंडचं हवामान ऐकायचा, ज्या समुद्रात जायची परवानगी नाही तिथं वारा कुठला आहे ते कळावं म्हणून. पोर त्याच्या मांडीवर बसून खरखर वेगळी आणि शब्द वेगळा करायला शिकली. पुढे देश सुटला, साखळदंड सुटले, आणि रेडिओवर बसवायला बेटानं दुसऱ्या कुणाचं नावसुद्धा काढलं नाही.

नवरा विल्लू. मासेमार. बोलण्याच्या बाबतीत महाकंजूष. त्यानं तिला मागणी घातली तीसुद्धा अशी की, घर बांधायला घेतलं आणि एक दिवस दुकानात येऊन विचारलं, "खिडकी समुद्राकडे हवी की रस्त्याकडे?" तिनं "समुद्राकडे" म्हटलं आणि घरी गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपलं लग्न ठरलंय!

एकदा जाळं ओढायच्या चक्रात त्याच्या बोटाचं पेरच गेलं. गडी हाताला टोपी गुंडाळून दुकानात आला, रांगेत उभा राहिला, पुढच्या बाईचं पीठमीठ घेऊन होऊ दिलं, आणि पाळी आल्यावर म्हणाला, "जरा खरचटलंय. पट्टी आहे का?" माइरे असली किंचाळली की रांगेतल्या म्हाताऱ्याच्या हातून अंडी पडली. पण विल्लू एकटाच असा नाही हो. आमच्याकडे पुरुषानं "वाचवा" म्हणणं म्हणजे चारचौघांत विजार सुटण्यासारखं. घर जळत असलं तरी आमचा माणूस म्हणणार, जरा ऊब वाटतेय. बायकांना हे ठाऊक असतं. त्या तेवढ्यावरूनच काय ते ओळखतात.

अलीकडे समुद्राचं काही खरं राहिलं नव्हतं. कधी तळाशी घातलेली केबल तुटायची, कधी आकाशातल्या उपग्रहांची जागा दाखवणारी खूण कुणीतरी बिघडवायचं आणि भर पाण्यातली होडी पडद्यावर विमानतळाच्या मधोमध उभी दिसायची. कुणीतरी म्हणजे कोण, ते बेटावरचं शेंबडं पोरही सांगेल, पण सिद्ध कोण करणार? धड युद्ध नाही, धड शांतता नाही, नुसतं डिवचणं. शेवटी दोन मोठ्या आघाड्यांनी ठरवलं की अशा प्रसंगी एकत्र कसं वागायचं याचा सराव करायचा. एक आघाडी फौजांची, दुसरी व्यापार-कायद्यांची. आमचा चिमुकला देश दोन्हीत. आणि जागा ठरली ती आमचं बेट. कारण वीज, फोन सगळं बंद करून बघायचं तर ऐंशी माणसांचीच गैरसोय होते, मोठ्या शहराची नाही. आम्हाला विचारलं होतं म्हणतात. मला तरी आठवत नाही.

पाहुणे शरद ऋतूत आले. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी दोन टेबलं मांडली, एक या आघाडीचं, एक त्या. कॉफीची यंत्रंसुद्धा दोन. एका टेबलावरचे काही कागद दुसऱ्या टेबलाला दाखवायचे नाहीत असा नियम होता, त्यामुळे कुणी जवळ आलं की हे लोक नकाशावर वर्तमानपत्र टाकायचे. दोघांच्या मध्ये कॅप्टन ताम्म, आपलाच, राजधानीचा, टॅलिनचा पोरगा, सज्जन. दोन सुनांच्या सासूसारखी त्याची धावपळ चाललेली. माइरे कांदे तोलता तोलता त्याला म्हणाली, "एवढं लपवायचं होतं तर एकत्र आले कशाला? सोयरीक जमवायला?" ताम्मनं काही याचं भाषांतर केलं नाही.

बेटावरच्या सगळ्यांना कामं वाटून दिली. विल्लूनं वाट चुकलेला मासेमार व्हायचं. त्याचा धाकटा भाऊ हैकी सुटकेच्या बोटीचा नायक, त्यानं धक्क्यावर इंजिन सुरू ठेवून उभं राहायचं. ठरलेल्या वेळी विल्लूनं रेडिओवर हाक मारायची, माइरेनं हैकीला सोडायचं, आणि हे सगळं दोन्ही टेबलांनी बघायचं. एक नियम मात्र कडक: रेडिओवर तोंड उघडण्याआधी प्रत्येकानं "सराव, सराव, सराव" असं तीनदा म्हणायचं. नाहीतर जवळून जाणारं एखादं जहाज खरं समजून धावत यायचं.

माइरेनं विचारलं होतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे कुणी फारसं सांगितलं नाही. "आणि खरंच काही झालं, तर काय म्हणायचं?" ताम्मनं मागे वळून दोन्ही टेबलांना विचारलं. दोघांकडे शब्द होते, पण वेगवेगळे. कुठला घ्यायचा यावर बरीच कुजबुज झाली आणि ताम्म म्हणाला, "उद्या कळवतो, माइरेबाई." उद्या आलं ते सरावाच्या गडबडीतच आलं, शब्द न घेता.

रंगीत तालमीत विल्लू ते तीन शब्द दर वेळी विसरला. थेट सुरू करायचा, "माइरे, मी बोलतोय." मागे पाहुणे खुदुखुदु हसायचे. माइरेचे कान तापायचे. इतकी वर्षं तिचा रेडिओ म्हणजे शिस्तीचं नाव, आणि नेमका घरचाच माणूस तिचं नाक कापत होता! आदल्या संध्याकाळी बटाटे आणि खारवलेली मासळी पानात वाढता वाढता तिनं त्याला फैलावर घेतलं.

"अरे, एकच शब्द आहे. तीनदा म्हणायचा. लग्नात पाद्र्यासमोर 'हो' म्हणालास की नाही?"

"ते एकदाच म्हणायचं होतं," विल्लू म्हणाला.

तिला हसू आलं, पण तिनं ते दाखवलं नाही. "उद्या विसरलास तर मी ऐकणारच नाही तुझं. सांगून ठेवते."

"बरं," म्हणून त्यानं आणखी एक बटाटा घेतला.

सरावाच्या दिवशी सकाळपासून दाट धुकं. फोन, वीज बंद, रेडिओ बॅटरीवर. विल्लू आयुष्यात कधी आकड्यांवर होडी चालवणारा माणूस नव्हता. खडक, लाटेचा रंग आणि पक्षी यांवर त्याचा भरवसा. पण त्या दिवशी त्याच्या हातात कागद होता, कागदावर जागेचे आकडे होते, आणि त्या आकड्यांवर जाऊन थांबायचं असं पाहुण्यांनी सांगितलं होतं. सांगितलेलं काम नीट करायचं, हीच तर आमची खोड. त्यानं पडद्यावर आकडे जुळवले आणि निघाला. आणि नेमकं त्याच सकाळी, कुणाच्याही नाटकात नसताना, उपग्रहांची खूण खरोखरच बिघडवली गेली होती. पडदा सांगत होता की पाणी खोल आहे. होडी होती खडकांच्या रांगेवर.

ठरलेल्या वेळेच्या बऱ्याच आधी रेडिओ खरखरला.

"माइरे, मी बोलतोय. इथं जरा ओलं झालंय. हैकीला पाठव."

मागे दोन्ही टेबलं एकदम उठून उभी राहिली. दुसऱ्या आघाडीची एक लांब मानेची बाई वही घेऊन माइरेच्या खांद्यापाशी आली. एक तर हा वेळेआधी बोलला होता, आणि पुन्हा विसरला होता. माइरेचं डोकंच फिरलं. तिनं बटण दाबलं.

"आधी तीनदा म्हण."

"काय?"

"काय काय? तीनदा म्हण. सगळे ऐकतायत इथं."

नुसती खरखर. मग कुठेतरी काहीतरी आपटल्याचा आवाज. "माइरे..."

"म्हण आधी, विल्लू. त्याशिवाय मी ऐकत नाही."

जरा वेळ गेला. मग तो म्हणाला, पाठ न झालेला धडा म्हणणाऱ्या पोरासारखा, "सराव, सराव, सराव. जरा ओलं झालंय. हैकीला पाठव."

मागे कुणीतरी टाळी वाजवली. ताम्मनं भाषांतर केलं तशी त्या लांब मानेच्या बाईला हसू फुटलं आणि तिनं माइरेचा खांदा थोपटला. माइरेलाही हसू आलं. धक्क्यावरून हैकीचा आवाज आला, "निघू का?" ती म्हणाली, "थांब रे, त्याची वेळ व्हायचीय अजून." आणि विल्लूला म्हणाली, "तूही थांब. वेळ झाली की परत बोल."

"बरं," विल्लू म्हणाला.

एवढंच. कांगावा नाही, ओरडणं नाही. बायकोनं थांब म्हटलं, हा थांबला.

वेळ झाली. रेडिओ गप्प. माइरेनं नियमाप्रमाणे तीनदा सराव म्हणून हाक दिली. पुन्हा दिली. तिसऱ्यांदा हाक देताना तिच्या तोंडून नियमबियम काही आलं नाही, नुसतं "विल्लू" आलं. आणि मग ती असली ओरडली, "हैकी, नीघ! खरं आहे, खरं आहे, नीघ!" की मागच्या खोलीतल्या पाहुण्यांना भाषांतर लागलं नाही.

हैकीला तो सापडला. होडीचं नाक तेवढं खडकावर वर होतं. विल्लू पाण्यात, अंगावर जाकीट, तोंड वर. थंडीनं गेला होता. मुख्य भूमीवरच्या डॉक्टरला माइरेनं एकच विचारलं, "किती वेळ?" डॉक्टर खाली बघत म्हणाला, "लगेच गेले असतील." समुद्राकाठी जन्मलेल्या बाईला थापा मारत होता बिचारा. जाकीट घातलेला धट्टाकट्टा माणूस त्या पाण्यात लगेच जात नाही. तो वाट बघतो. हे तिला ठाऊक होतं, आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

ती मयतीला रडली नाही. खणलेल्या मातीपाशी उभी राहिली, आलेल्यांना कॉफी दिली, भांडी स्वतः घासली.

मग दोन्ही आघाड्यांची मिळून समिती आली. या खेपेला टेबल एकच होतं, तेवढा फरक पडला म्हणायचा. फार नम्र माणसं, माइरेला बसायला खुर्ची पुढे करणारी. त्यांचं म्हणणं असं पडलं की, खूण बाहेरून बिघडवली गेली. खऱ्या संकटाचा शब्द आधी ठरायला हवा होता, तो ठरला नाही. दोघांच्या पद्धती जुळत नव्हत्या. व्यक्तिशः कुणालाही दोष देता येत नाही. आता नवा नियम झालाय म्हणतात. कुणी हाक मारली की आधी जायचं, सराव आहे की खरं ते मग विचारायचं. दोन्हीकडे तोच नियम आणि तोच शब्द. एवढं शहाणपण यायला विल्लू जावा लागला, आणि आम्ही त्यांचे आभार मानायचे! ताम्म मात्र एकटा आला, साध्या कपड्यांत, फुलं घेऊन. दारात उभा राहून म्हणाला, "माइरेबाई, तुमची यात काही चूक नाही." तिनं फुलं घेतली आणि दार लावलं.

सगळे हेच म्हणायचे. पाद्री म्हणाला. फिनलंडला असलेली लेक ट्रीन रोज फोनवर म्हणायची, "आई, तुझी चूक नाही." दुकानात पाव घ्यायला आलेल्या बाया हात दाबून म्हणायच्या. पाव पिशवीत घालायच्या आधी म्हणायच्या, नाही तर घातल्यावर म्हणायच्या. माइरे मान हलवायची आणि सुट्टे पैसे परत द्यायची. हैकी तेवढा काही म्हणाला नाही, कारण तो दुकानात फिरकेनासाच झाला होता. एरवी बेटावरचा सगळ्यात वाचाळ माणूस, पण आता मीठ हवं असलं तरी बायकोला पाठवायचा. लोक म्हणायचे, भाऊ गेलाय, त्याचाही जीव आहे.

माइरे रेडिओवर बसत राहिली, पण तिचा आवाज बदलला. "बोला, ऐकतेय मी" हे आता ती पलीकडचा माणूस बोलायच्या आधीच म्हणायची, घाईघाईनं, पुन्हा पुन्हा. आणि बोट सोडायची. कशालाही सोडायची. एका फिनिश माणसानं इंजिन जरा खोकतंय म्हटलं, सोडली बोट. कुणाचं बटण चुकून दाबलं गेलं आणि नुसती खरखर आली, सोडली. एक दारुडा धक्क्याला बांधलेल्या होडीतून रेडिओवर गाणी म्हणत होता, त्यालाही वाचवायला बोट गेली. ऐन बर्फाच्या दिवसांत आपापली कामं टाकून पोरं तिच्या शब्दावर पाण्यात उतरायची, हात बधिर करून परत यायची, आणि तोंडातून ब्र काढायची नाहीत. पण किती दिवस? वसंतात बर्फ फुटल्यावर त्यांनी हैकीला गाठलं. "तूच जा," म्हणाली. "तुझी वहिनी आहे."

हैकी आला तेव्हा दुकानात दुसरं कुणी नव्हतं. टोपी हातात घेऊन तो फळीसमोर उभा राहिला, गिऱ्हाइकासारखा.

"माइरे, रेडिओ थोडे दिवस दुसऱ्या कुणाकडे देऊ या का? तुला जरा आराम."

"पोरं कंटाळली ना?"

"कंटाळली."

"बरोबर आहे त्यांचं." तिनं रेडिओचं बोलायचं यंत्र काढलं, तार गुंडाळली आणि सगळं त्याच्यापुढे सरकवलं. "ने."

हैकी वाद घालायच्या तयारीनं आला होता. हे एवढं सहज हातात आल्यावर त्याला काय करावं कळेना. त्यानं बोलायचं म्हणून सगळे बोलतात तेच बोलायला घेतलं. "हे बघ, तुझी काही चूक नव्हती, हे सगळ्यांना..."

माइरेनं फळीवर असा हात आपटला की वजनं पडली.

"गप्प बस! तू तरी नको म्हणूस. कॅप्टन म्हणतो, पाद्री म्हणतो, पोरगी म्हणते, त्या लोकांनी तर छापून पाठवलं. मी सांगायला तोंड उघडलं रे उघडलं की लगेच, नाही नाही, तुझी नाही. मग कुणाची? त्या उपग्रहाची? त्यानं मला हाक मारली होती, हैकी. माझं नाव घेऊन. माझ्या नवऱ्यानं आयुष्यात एकदा मदत मागितली, आणि मी त्याला धडा म्हणायला लावला, परक्या लोकांपुढं माझी शान राहावी म्हणून! मला हे कुणापाशी तरी ठेवू द्या. कुणीतरी एकदा हो म्हणा मला."

हैकी बटाट्याच्या पोत्यावर बसला. टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला,

"हो. चूक तुझी होती."

माइरे त्याच्याकडे बघत राहिली.

"ओलं झालंय म्हणाला की काय झालेलं असतं, ते तुला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही, तुला. मी इंजिन सुरू ठेवून उभा होतो. तू नीघ म्हणाली असतीस तर तो आज घरी असता. आणि मीही ऐकलं होतं ते, माइरे. धक्क्यावर ऐकलं. मी हसलो. बायकोनं चांगला वठणीवर आणला म्हणून मी पोरांना डोळा मारला. माझा भाऊ तो. मला कळत नव्हतं? तू थांब म्हणालीस आणि मी थांबलो, चेष्टा करत. म्हणून येत नव्हतो इथं. तुझा राग होता, तो होताच. पण तुझ्याकडे बघितलं की माझं हसणं मला ऐकू यायचं."

माइरे फळीच्या अलीकडे आली. पोत्यावर त्याच्या शेजारी जागा नव्हती, म्हणून ती खाली जमिनीवरच बसली, आणि रडली. मयतीला न रडलेली बाई अशी रडली की हैकीला तिच्याकडे बघवेना, आणि मग तोही रडायला लागला. पावासाठी आलेल्या बाया आवाज ऐकून बाहेर पायरीवरच थांबल्या. बराच वेळ थांबल्या. कुणी आत आलं नाही, आणि कुणी तिला उगी उगी म्हटलं नाही.